वाटजाईचा कौल

भोरदरा घाटातली ही हकिकत २०४१ सालची. डिझेलच्या आणि बॅटरीच्या गाड्या तेव्हा एकाच रस्त्यावरून धावत होत्या, एका स्वयंपाकघरातल्या सासू-सुनेसारख्या, एकमेकींना नावं ठेवत. पठारावर अजून टोमॅटो पिकत होता, मुंबईला अजून तो लागत होता, आणि तो खाली न्यायला ट्रकवर अजून माणूसच बसत होता. आपोआप चालणारे ट्रक सपाटीवर आले होते खरे, पण घाटात त्यांना परवानगी नव्हती.

त्या घाटात रंजना सानप ‘वाटसोबत’च्या गाडीवर मेकॅनिक होती. वय पंचावन्न, हात दणकट, बोलणं तुटक. लग्न झाल्यावरची पहिली सात वर्षं ती नवऱ्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून फिरली होती. त्या काळी बाई ट्रकच्या केबिनमध्ये दिसली की ढाब्यावरची माणसं घास हातात धरून बघत राहायची. नवऱ्याने, भागवतने, तिला टॉमीने टायर ठोकायला शिकवलं. टॉमी म्हणजे चाकाचे नट सोडवायची लोखंडी कांब. टायर टणटणीत वाजला तर हवा आहे, बद्द वाजला तर गेली. घाट उतरण्याआधी माथ्यावर गाडी लावायची, सगळ्या चाकांना टॉमी मारायची, ब्रेकच्या ड्रमवर, म्हणजे चाकामागच्या लोखंडी डब्यावर, तळहात ठेवून तो तापलाय का ते बघायचं आणि मगच वाटजाईच्या देवळात नारळ फोडायचा. आधी गाडी, मग देवी. हा क्रम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडतही कुणी नसे.

‘वाटसोबत’ ही मूळची सरकारी योजना. रस्त्यात गाडी बंद पडली की नंबर फिरवायचा, मदत फुकट. सरकारने गाड्या घेतल्या, माणसं नेमली, उद्घाटनं केली आणि तिसऱ्या वर्षी हात वर केले. मग चौकातल्या बागांना जसे प्रायोजक मिळत, तसे या मदतीलाही शोधले गेले. भोरदरा घाट ‘नवदिन चहा’ कंपनीच्या वाट्याला आला. गाडी केशरी झाली, तिच्या पाठीवर वाफाळता कप उमटला, रंजनाच्या जाकिटावर ‘थांबलात? चहा घ्या!’ असं छापून आलं. अडकलेल्या माणसाला आधी कंपनीच्या थर्मासमधला चहा द्यायचा, कपासकट त्याचा फोटो काढायचा आणि मग पाना हातात घ्यायचा, असा नियम होता. मिनिटभराचं काम. चहाही वाईट नव्हता. गाडीचा ड्रायव्हर इक्बाल तांबोळीसुद्धा तसं म्हणे, आणि इक्बालला त्याच्या आईच्या हातचा सोडून कुणाचा चहा आवडत नसे.

कंपनी आली आणि तिच्यामागोमाग ‘कान’ आला.

पठारावरच्या रस्त्याच्या कडेने, हातभर खोल, इंटरनेटची काचेची तार गेली होती. केसाएवढी बारीक. तिच्या एका टोकातून दर सेकंदाला हजारो वेळा लेझरचा झोत सोडायचा. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात सूक्ष्म दोष राहतातच. त्यांच्यावरून प्रकाशाचा अगदी थोडा अंश माघारी येतो. वरून गाडी गेली, जमीन थरथरली, की तार कणभर ताणली जाते आणि माघारी येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून थरथर नेमकी कुठे झाली ते कळतं. चाळीस किलोमीटरची तार म्हणजे चाळीस किलोमीटर लांबीचा कान. या कानाला लाखभर गाड्या ऐकवल्या होत्या, आणि त्यांतल्या कुठल्या पुढे कशाने बंद पडल्या तेही सांगितलं होतं. घासणारं बेअरिंग, सैल झालेला नट, आतून सुटत चाललेला टायर या सगळ्यांची थरथर वेगवेगळी असते. एखादी गाडी पठारावर शिरली की कॅमेरा तिचा नंबर टिपे आणि यंत्र वीस-पंचवीस मिनिटं आधी सांगे: या नंबरची गाडी, घाटात, अमुक वळणाच्या आसपास, मागचं उजवं चाक. दहांतले नऊ अंदाज खरे ठरत.

प्रशिक्षणाच्या दिवशी महामार्ग विभागाचे अभियंता कुलथे साहेब आणखी एक वाक्य बोलले होते. “लक्षात ठेवा, जे चालत नाही त्याचा आवाज येत नाही. सपाट पठारावर कुणी ब्रेक दाबत नाही. तेव्हा ब्रेकचं यंत्राला विचारू नका.”

रंजनाने ते वहीत लिहून घेतलं. बाकीच्यांनी चहा घेतला.

यंत्राचा अंदाज गाडीतल्या टॅबवर येई. पण तो चालकाला कळवायचा नाही, असं करारातच होतं. मदतीच्या गाडीने अंदाजातल्या वळणाजवळ जाऊन थांबायचं आणि समोरची गाडी बंद पडली की पुढे व्हायचं. ‘नवदिन’च्या जाहिरातीत मग झळके: ‘चार मिनिटांत मदत!’

पहिल्या महिन्यातली गोष्ट. रंजना आणि इक्बाल सातव्या वळणामागे उभे होते. टॅबवर एका पांढऱ्या मोटारीचा नंबर होता आणि पुढे ‘पुढचं डावं चाक, नट’ असं लिहिलेलं.

“बावीस मिनिटं झाली आपल्याला कळून,” रंजना म्हणाली.

“मलाही घड्याळ कळतं, ताई.”

“मग आपण कशाची वाट बघतोय?”

इक्बालने थर्मासचं झाकण घट्ट केलं.

मोटार वळणावर आली, तिचं चाक निखळून दरीत गेलं आणि ती कठड्याला घासत थांबली. आत नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीची हनुवटी फाटली, दोन दात पडले. चौथ्या मिनिटाला चहा पोचला. बाप रडत हात जोडून म्हणाला, “देवासारखे धावून आलात हो.” इक्बालने फोटो काढला. रंजनाने त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी ती कुलथे साहेबांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली.

“साहेब, आधी सांगून टाकलं तर काय बिघडतं?”

“दहांतला एक अंदाज चुकतो, रंजनाताई. ज्याला उगाच थांबवलं तो कोर्टात जाईल.”

“आणि उरलेल्या नऊजणांचं काय?”

कुलथे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. “खरं सांगू? महिन्याला साठ सुटका झाल्या तर कंपनी राहणार. गाड्या बंदच पडल्या नाहीत तर फोटो कुणाचे काढायचे? कंपनी गेली की तुमची गाडी गेली. मग घाटात अडकलेल्याने पूर्वीसारखं तीन-चार तास बसायचं. ते बरं का हे बरं, तुम्हीच सांगा.”

 घाटात मदतीची गाडी राहायला हवी, हे रंजनालाही पटत होतं. ती गाडी तिची होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली राबल्यावर पहिल्यांदा तिच्या नावाने कुणी पाना दिला होता. पण ती मुलगीही डोळ्यांपुढून हलत नव्हती.

परतताना ती घाटमाथ्यावर थांबली. वाटजाईच्या देवळाबाहेर हौसाबाई धिंदळे झेंडूच्या माळा विकत बसलेली असे. सत्तरीची, पाठीत वाकलेली, जिभेने सरळ. खाली उतरणारी मालाची प्रत्येक गाडी तिथे थांबायची, माळ घ्यायची, नारळ फोडायची.

“हौसाआत्या, एक काम होतं,” रंजना म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं.

“म्हंजी तू मला फोन करनार, अन् म्या डायवरला सांगायचं, बाबा, तुझं चाक बघ?”

“हो.”

“अन् त्यानं इचारलं, म्हातारे, तुला कसं कळलं?”

“सांगा, वाटलं म्हणून.”

“बया! मला तर गुडघ्याशिवाय काय बी वाटत नाय आताशा.” हौसाबाई हसली. मग सुईतला दोरा दाताने तोडून म्हणाली, “त्या पोरीचे दात दुधाचे व्हते का पक्के?”

“दुधाचे.”

“मग येतील. कर फोन.”

दोघींनी वाटणी ठरवली. ज्यात जीव जायचा ती गाडी हौसाआत्याकडे. ज्यात नुसता वेळ जायचा ती कंपनीकडे. सैल चाकं, फुटायला आलेले टायर, स्प्रिंगचे तुटायला आलेले पाटे माथ्यावरच थांबायचे. रेडिएटर, फ्यूज आणि सेन्सर मात्र खुशाल घाटात बंद पडायचे, चहा प्यायचे, फोटो काढून घ्यायचे. साठाचा आकडा कसाबसा गाठला जाई. इक्बाल आरशात बघत गाडी चालवायचा आणि रंजना फोनवर काय बोलते ते त्याला ऐकू यायचं नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

यात एक गोष्ट कुणी धरली नव्हती. हौसाबाईला आकडे लक्षात राहत नसत. फोनवर सांगितलेले नंबरातले शेवटचे चार आकडे आठवायचे म्हणजे ती डोळे मिटायची, मान हलवायची, पुटपुटायची. समोरून ट्रक आला की डोळे उघडून म्हणायची, “तुझं मागलं डावं चाक बघ रं.” ड्रायव्हर खाली उतरून बघे, तर खरंच नट हाताने फिरत असे.

दोन महिन्यांत घाटभर झालं: वाटजाई हौसाबाईच्या तोंडून कौल देते. कोल्हापूरकडच्या गाड्याही वाकडी वाट करून येऊ लागल्या. हौसाबाईने देवीचं नाव एकदाही घेतलं नाही. पण “नाही” म्हणावं तर मग खरं काय ते सांगावं लागलं असतं.

एका संध्याकाळी भागवत घरी आला तो चप्पलही न काढता रंजनापुढे उभा राहिला. तो तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता आणि भाजीपाला सोसायटीचा बॅटरीवरचा ट्रक चालवायचा.

“रंजे, आज मरत व्हतो मी.”

“काय झालं?”

“काय व्हनार! आईनं वाचवलं. हौसाबाईनं डोळे मिटले, अन् म्हनली, मागलं आतलं टायर बघ. बघतो तर आतनं फुगा आलेला, एवढा! घाटात फुटला असता तर तू आत्ता हितं बांगड्या फोडत बसली असतीस.”

“मग बरं झालं,” रंजना म्हणाली. दुपारी तो फोन करताना तिने नंबर दोनदा सांगितला होता.

“नुसतं बरं झालं? तुझी ती चहाची गाडी काय करती गं? फुटल्यावर येती, कपबशी घेऊन.”

“बशी नसते. कागदी कप असतो.”

“तेच ते. देवी फुटायच्या आधी सांगती. फरक हाय का नाय?”

रंजनाच्या ओठांवर आलं होतं. तीस वर्षांत तिने नवऱ्यापासून काही लपवलं नव्हतं. लपवण्यासारखं काही घडलंही नव्हतं. पण भागवतच्या तोंडात भिजलेला हरभरासुद्धा टिकत नसे. त्याला सांगणं म्हणजे सकाळी ढाब्यावर, दुपारी कंपनीत आणि संध्याकाळी कुलथे साहेबांच्या टेबलावर. ती भाकऱ्या थापायला बसली.

आठवड्याने तिच्या लक्षात आलं, की मागच्या दाराला वाऱ्याने आपटू नये म्हणून टॉमी लावून ठेवलीय.

“अहो, ही गाडीत नको का?”

“आता कशाला? घाटावर कोनी ठोकत नाय आता. आई बोलली तर बघायचं, नाय बोलली तर निघायचं.”

“सगळेच?”

“सगळेच. येळ वाचतो.”

रंजनाच्या हातातलं काम थांबलं. “अहो, पण ब्रेक तरी बघत जा. ब्रेकचं हौसाआत्याला नाही कळत.”

“तिला नाय कळत, देवीला कळतं ना?”

“देवीलाही नाही कळत.”

भागवतने कानांना हात लावले आणि तो उठून गेला. ज्यांचा जीव वाचावा म्हणून तिने हे केलं होतं, ते सगळे आता हौसाबाई गप्प राहिली की गाडी ठणठणीत आहे असं समजत होते. हे तिला त्या संध्याकाळी कळलं. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने ते उद्यावर ढकललं. उद्याच्या आड दुसरा उद्या आला, आणि असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, टॅब वाजला. अंदाज नव्हता, ट्रकनेच पाठवलेला इशारा होता. ‘धडक. चौथं वळण.’ खाली नंबर होता. तो तिला पाठ होता.

झालं होतं ते असं. भागवतने घाटमाथ्यावर ट्रक चार्जिंगला लावला, मिसळ खाल्ली, आणि उठला तेव्हा बॅटरी शंभर टक्के झाली होती. बॅटरीच्या गाडीला उतारावर मोटरच धरून ठेवते. चाकं मोटरला फिरवतात, तिच्यातून वीज होते आणि ती बॅटरीत जाते. पण बॅटरी काठोकाठ भरली असेल तर नव्या विजेला जागाच नसते. मग मोटर हात काढून घेते आणि बारा टन टोमॅटोचा भार साध्या ब्रेकवर पडतो. जुने ड्रायव्हर म्हणूनच माथ्यावर बॅटरी भरत नसत, आणि भरलीच तर ब्रेक दोनदा बघत. हे सांगणारा पिवळा दिवा ट्रकच्या पडद्यावर लागलाही होता. पडद्यावर झेंडूची माळ लोंबत होती. हौसाबाई काही बोलली नव्हती, कारण तिला काही कळवलंच गेलं नव्हतं. आणि कानाला त्या ट्रकमध्ये वावगं काहीच ऐकू आलं नव्हतं.

तिसऱ्या वळणापर्यंत ब्रेक तापून निकामी झाले. चौथ्यावर भागवतने गाडी दरीऐवजी डोंगरावर घातली. चाळीस वर्षांच्या सवयीने तेवढं केलं. केबिन आत दबलं आणि त्याचा उजवा पाय त्यात राहिला.

रंजनाने कटरने पत्रा कापला.  भागवत शुद्धीवर होता.

“आई काय बोलली नाय गं,” तो एकसारखा म्हणत होता. “रंजे, आई काय बोललीच नाय.”

इक्बाल थर्मासला शिवला नाही. फोटोही काढला नाही. पण मागून आलेल्या एका मोटारवाल्याने व्हिडिओ काढला, आणि केशरी जाकिटातली बाई नवऱ्याला पत्र्यातून ओढून काढतेय हे दुसऱ्या दिवशी राज्याने बघितलं.

भागवतचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

‘नवदिन’ची जनसंपर्क अधिकारी शर्वरी टिपणीस दवाखान्यात आली. तिशीची, गोड बोलणारी, आणि गोडवा खोटा नव्हता. ती खरोखर रडली. मग म्हणाली, “काकू, तुमची गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचायला हवी. पुढच्या महिन्यात आपण घाटावर कार्यक्रम करतोय. कंपनी आता वाटजाईच्या देवळालाही प्रायोजक होणार आहे. मंडप, हौसाआजींना छानसा स्टॉल. श्रद्धा आणि सेवा, दोन्ही. तुम्ही फक्त दोन वाक्यं बोला.”

“कुठली?”

“तुमच्या मनातली.”

कार्यक्रमाच्या दिवशी घाटमाथ्यावर शंभरेक ट्रक उभे होते. हौसाबाईला केशरी साडी नेसवून खुर्चीत बसवलं होतं. ती अवघडून खुर्चीच्या कडेला टेकली होती. कुलथे साहेब पहिल्या रांगेत होते. भागवत चाकाच्या खुर्चीत, मंडपाच्या खांबाजवळ.

रंजनाला माहीत होतं, की बोलली तर नोकरी जाईल, गाडीही बहुधा जाईल, आणि हौसाआत्याचं तोंड चार माणसांत काळं होईल. नाही बोलली तर हे शंभर ट्रक आत्ता नारळ फोडून, एकाही ड्रमला हात न लावता, खाली उतरतील. तिने माईक घेतला.

“हौसाआत्याला देवी सांगत नव्हती. मी सांगत होते, फोनवर. मला रस्त्यातली तार सांगत होती. तारेला चाक कळतं, ब्रेक कळत नाही. माझ्या मालकांचे ब्रेक गेले ते तिला कळले नाहीत. म्हणून सांगते, हौसाआत्या गप्प बसली म्हणजे तुमची गाडी चांगली आहे असं नाही. खाली उतरा आणि आपापले ब्रेक बघा.”

एवढंच बोलून ती थांबली. कुलथे साहेबांनी डोळे मिटले. शर्वरी कागद चाळू लागली.

मागून एक म्हातारा सरदारासारखा फेटेवाला ड्रायव्हर उठला. “ताई, सगळं खरं. पन त्या तारेला तरी बुद्धी कोनी दिली?”

“आईनं!” कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्या वाजल्या. पुढच्या अर्ध्या तासात शंभरच्या शंभर ट्रक नारळ फोडून खाली गेले. कुणी ड्रमला हात लावला नाही.

त्या दिवशी टाळ्या न वाजवणारा एक भागवत होता.  घरी पोचल्यावर दारातच तो म्हणाला, “टायरचा फुगा. त्यो फोन तुझा व्हता?”

“हो.”

“अन् मी आईचं नाव घेत व्हतो, तवा तू भाकऱ्या थापीत बसलीस.”

त्यानंतर पाच महिने तो तिच्याशी बोलला नाही. औषध दे, पाणी दे, एवढंसुद्धा तो भिंतीकडे बघून सांगायचा.

रंजनाला कामावरून कमी केल्याचा कागद आला. चौथ्या दिवशी ती माथ्यावर गेली. हौसाबाई जुन्याच लुगड्यात, जुन्याच जागी, गोणपाटावर बसली होती. कंपनीचा स्टॉल शेजारी रिकामा होता.

“चार मानसांत उघडी पाडलीस मला.”

“चुकलं माझं.”

“खरं बोललीस ते नाय चुकलं. आधी मला इचारलं नाय, ते चुकलं. मी सवताच सांगितलं असतं.” हौसाबाईने सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, “त्ये तुझं ऐकायचे नाईत, बाई. खरं सांगनाऱ्याचं कोन ऐकतं? माझं ऐकतील. बोल, काय सांगू त्यांना?”

“काही सांगू नका. मागे ड्रमला हात लावायचे ना सगळे? फक्त हात बघा.”

दुसऱ्या दिवसापासून हौसाबाईने नियम केला. हात काळा असल्याशिवाय माळ नाही. ब्रेकच्या ड्रमवर तळहात ठेवायचा, सगळ्या चाकांच्या, आणि तो तिच्यापुढे धरायचा. पहिल्या दिवशी ड्रायव्हर हसले. एकाने टायरवर हात घासून आणला. हौसाबाईने तो नाकाशी नेला.

“ह्यो रबराचा वास. ब्रेकचा करून ये.”

“आजे, तुला काय कळतं गं त्यातलं?”

“मला नाय कळत. माळ बी नाय मिळत. हो बाजूला.”

बॅटरीवाल्याने शिवाय पडद्यावरचा बॅटरीचा आकडा सांगायचा. तो नव्वदच्या पुढे असेल तर पठारावर एक फेरी मारून, बॅटरी उतरवून यायचं. माळेशिवाय घाट उतरायची कुणाची छाती नव्हती. महिन्याभरात माथ्यावर पुन्हा टॉमीचे आवाज येऊ लागले. ब्रेक बघायला वाकलेल्या माणसाला सैल नटही दिसतो, गळणारा रेडिएटरही दिसतो. ‘वाटसोबत’च्या सुटका त्या महिन्यात एकोणचाळीस झाल्या, पुढच्यात बावीस, मग अकरा.

कंपनीने सभ्य भाषेत पत्र लिहिलं आणि निघून गेली. चैत्रात केशरी गाडी विभागाच्या आवारात लागली आणि तिच्यावरचा कप उन्हाने पांढरा पडला.

पुढे कुणाचं काय झालं तेही सांगायला हवं. शर्वरी टिपणीस एका गाद्यांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेली आणि तिथून तिने हमरस्त्यांवर ट्रकवाल्यांसाठी झोपायच्या खोल्या बांधवून घेतल्या. त्या अजून आहेत आणि बऱ्या आहेत. कुलथे साहेबांनी निवृत्तीच्या आधी एक अहवाल लिहिला. यंत्राचा अंदाज चालकापासून लपवू नये, आणि तो कशाबद्दल गप्प आहे तेही त्याला सांगावं, असं त्यात होतं. २०४६ साली तसा नियम झाला. अहवालावर त्यांचं नाव होतं, रंजनाचं नव्हतं. इक्बाल तांबोळीने घाटमाथ्यावर हॉटेल टाकलं. तिथे आईच्या पद्धतीचा चहा मिळतो, आणि फोटो काढायला मनाई आहे अशी पाटी आहे. हौसाबाई २०५१ साली गेली. तिच्या जागी सून बसते. तिलाही आता रबराचा आणि ब्रेकचा वास वेगळा ओळखता येतो. रंजनाने गावात गॅरेज काढलं आणि भागवत तिथे स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना, आणि तिलाही, न मागता सल्ले देऊ लागला. पाच महिन्यांनंतर त्याचं पहिलं वाक्य होतं, “पाना उलटा धरलायस.”

२०४९ साली भाचीच्या लग्नाला खाली जाताना दोघं ज्या मिनीबसमध्ये होती ती सहाव्या वळणावर बंद पडली. ब्रेक उत्तम होते. पंख्याची मोटर जळाली होती. रंजनाने उतरून बघितलं, पण नव्या मोटरीशिवाय तिच्याही हातात काही नव्हतं. ऊन चढत होतं, फोनला रेंज नव्हती, गाड्या शेजारून निघून जात होत्या. दोन तास झाले, तीन झाले. पुढच्या सीटवरची बाई उतरून कडेला बसली होती, तिचं तान्हं रडून रडून दमलं. लग्नाचा मुहूर्त टळून गेला.

कडेच्या दगडावर बसलेला एक सुटातला गृहस्थ घाम पुसत रंजनाला म्हणाला, “पूर्वी इथे मदतीची गाडी असायची म्हणे. चार मिनिटांत यायची. चहासुद्धा द्यायचे. कुठल्या शहाण्याने बंद पाडली कुणास ठाऊक.”

“मी,” रंजना म्हणाली.

गृहस्थाला ती थट्टा वाटली. तो हसला आणि शेजारी नकली पाय पसरून, काठी टेकून बसलेल्या भागवतकडे बघू लागला, तोही हसेल म्हणून.

“खरंच सांगतीय ती,” भागवत म्हणाला, आणि बाईच्या मांडीवरच्या तान्ह्यावर सावली पडेल असा, काठीच्या आधाराने, उठून उभा राहिला.